बोडीची माती

कौशल्याच्या टपरीवरचा चहा चांगला असतो असं आंधळगावात कुणीच म्हणत नसे. दूध पातळ, आलं नावापुरतं. तरी ऊन कललं की टपरीपुढचे दोन्ही बाक भरून जात, कारण तिथून रस्त्यापलीकडचं कॉलेजचं मैदान सरळ दिसे आणि मैदानावर पोरं कबड्डी खेळत. पाहणं फुकट होतं. बोलायचं असेल तर मात्र चहा घ्यावा लागे.

त्या उन्हाळ्यात पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं. परीक्षा संपल्या होत्या, मैदानावरच्या चुन्याच्या रेषा वाऱ्यानं पुसल्या होत्या आणि गावातली मोकाट जनावरं तिथून हक्कानं ये-जा करत होती. तरीही बाक पूर्वीपेक्षा जास्त भरत. कॉलेजच्या कबड्डी संघाचा कारभार पाहणारे पुंडलिकराव सर निवृत्त झाले होते. संस्थेच्या अध्यक्षांनी जाहीर केलं होतं की यंदापासून कबड्डीसाठी वेगळा प्रशिक्षक नेमायचा, त्याचं नाव रीतसर बोर्डावर लावायचं, आणि नेमण्याआधी गावातल्या जुन्या खेळाडूंचं आणि जाणत्यांचं म्हणणं ऐकायचं. रविवारी सभा होती. गावात जो तो जाणता झाला होता.

"आपल्याले सर पायजे का वस्ताद, एवढंच ठरवा," टेकचंद म्हणाला. टेकचंद एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. आवाज असा की मागच्या सीटवरचा माणूस झोपेतून उठून तिकीट काढेल. "सर म्हणजे कागद. वस्ताद म्हणजे माती. जिल्हा एक होता तवा गोंदियाच्या पोट्ट्यांले कोणं लोळवलं? आपल्या जागेश्वर वस्तादानं."

"तवा तुमच्या गाडीत कंदील होता, भाऊ," सेवकराम म्हणाला. त्याचं बसथांब्याजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं आणि टीव्हीवर कबड्डी लागायला लागल्यापासून तो गावातला मॅटचा वकील झाला होता. "आता जोडे घालून खेळतेत. मॅटवर. आपले पोट्टे मॅट पाह्यलं का कोणाच्या लग्नाची सतरंजी हाय म्हणून बाजूनं जातेत."

बाक हसला.

"तुह्या त्या शहापूरच्या अश्विनले मिशी तरी फुटली का बे?"

"मिशीनं पकड होत असती तं तुमीच खेळले असते ना, भाऊ. बेल वाजवत काहून फिरले?"

पुन्हा हशा. टेकचंदही हसला, पण ग्लास बाकावर जरा जोरात ठेवला. शहापूरचा अश्विन प्रशिक्षकाचा कोर्स करून आला होता, मॅटवर पोरं तयार करत होता. एका बाजूला तो आणि दुसऱ्या बाजूला जागेश्वर. तिसरं नाव नव्हतं.

हे सगळं कौशल्या पाठमोरी ऐकायची. जागेश्वर वस्ताद तिचा नवरा. हे बाकावर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं आणि वाद तापला की प्रत्येकजण ते विसरत असे.

ती मोहाडीच्या कोष्ट्याच्या घरची. आईनं तिला उघड्या मांडीवर कोशाचा, म्हणजे रानरेशमाचा, धागा वळायला शिकवलं तेव्हा ती परकर नेसत होती. उजव्या मांडीची कातडी तेव्हापासून टाचेसारखी राठ झाली, ती तशीच राहिली. लग्न होऊन आंधळगावला आली तेव्हा घरात हातमाग होता. जागेश्वर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसे आणि संध्याकाळी त्याच पायांनी कबड्डीचं मैदान गाजवी. गावात म्हणायचे, मागानंच त्याच्या मांड्या घडवल्या. पुढं कोशाला गिऱ्हाईक उरलं नाही. माग होता तिथंच राहिला, त्यावर घरातल्या गोधड्या ठेवल्या जाऊ लागल्या. कौशल्यानं टपरी टाकली. जागेश्वर मैदानावर गेला.

'वस्ताद' ही काही जागा नव्हती. कॉलेजच्या कुठल्याही कागदावर त्याचं नाव नव्हतं. सराव तो घ्यायचा, पोरांना पहाटे तळ्याच्या बांधावरून तो पळवायचा, आणि ढाल जिंकली की फोटोत मध्ये सर बसायचे. जागेश्वर कडेला उभा असे. एका फोटोत तर त्याचा अर्धा खांदा तेवढा आला होता. तो फोटो त्यानं घरी लावला होता आणि येणाऱ्याला बोट ठेवून दाखवायचा, "हा मी." त्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती आणि ती त्यानं बायकोला कधीच लपवून ठेवली नव्हती. एकदा बोर्डावर नाव लागलं पाहिजे.

त्याची एक रीत होती. गावाबाहेर मोहाच्या झाडांखाली एक बोडी आहे, पावसाचं पाणी धरणारं छोटं तळं. वैशाखात ती आटते आणि तळाचा गाळ तडकून त्याच्या खपल्या उठतात. जागेश्वर त्या खपल्या पोत्यात भरून आणायचा. मग नवरा-बायको अंगणात बसायची. कोशाच्या जुन्या कापडाची दोन टोकं त्याच्या हातात, दोन तिच्या. मध्ये कुटलेली माती. आणि दोघं कापड हलकेच झुलवायची. खाली पडे ती माती पिठापेक्षा मऊ असे. तिची पुरचुंडी वर्षभर जागेश्वरच्या पिशवीत असायची. सामन्याआधी चढाई करणारा पोरगा त्याच्यापुढं उभा राही आणि नाल मारताना घोडा उचलतो तसा एकेक पाय मागं उचली. वस्ताद तळव्याला माती चोळी. घाम शोषला जाई, पाऊल जमिनीला चिकटून बसे. जागेश्वरला त्याच्या वस्तादानं अशीच लावली होती. ती लावल्याशिवाय आंधळगावचं पोरगं मध्यरेषेपलीकडं गेलं नव्हतं.

गावातल्या भोजराजचा मुलगा कैलाशसुद्धा असाच पाय उचलून गेला होता, हिवाळ्यात, नागपूरला, विद्यापीठाच्या स्पर्धेत.

त्या वर्षी पहिल्यांदा सामने मॅटवर होते आणि जोडे सक्तीचे होते. पोरांनी जोडे मिळतील तिथून आणले. कैलाश संघाचा मुख्य चढाईपटू. पोलीस भरतीची तयारी करत होता, धावण्यात तालुक्यात त्याच्या पुढं कुणी नव्हतं. उपांत्य सामन्यात शेवटची चढाई त्याची होती आणि संघ एका गुणानं मागं. तो आत गेला, बोनस रेषेकडं डावा पाय टाकला आणि पडला. समोरच्या कुणीही त्याला हात लावला नव्हता. गुडघा आतल्या बाजूला वळला तो वळला. संघ हरला. ऑपरेशन झालं, पण पाय पुरता वाकेना. भरती गेली, परीक्षा गेली, पोरगा घरात बसला.

सेवकरामच्या मोबाइलमध्ये त्या चढाईचा व्हिडिओ होता. टपरीवर तो इतक्या वेळा पाहिला गेला की लोकांना कैलाश चालता-बोलता आठवेनासा झाला, पडतानाच आठवू लागला. हळू करून पाहिला, थांबवून पाहिला. कुणाचाही हात लागलेला दिसत नव्हता. मग पडला का? पहिल्यांदा कोण म्हणालं ते आता सांगता येणार नाही, पण हिवाळा सरायच्या आत गावाचं ठरलं होतं. पोरगा भ्याला. समोर कोपऱ्यावरचा धिप्पाड गडी पाहिला आणि पाय लटपटले.

भोजराज बाकाच्या टोकाला बसायचा. धानाची शेती करणारा, कमी बोलणारा माणूस. कैलाश खेळायचा तेव्हा मात्र उभा राहून ओरडायचा. आधी त्यानं वाद घातला. मग गप्प राहिला. होळीच्या सुमारास एका संध्याकाळी तोच म्हणाला, "माहाच पोट्टा भेला, दुसऱ्याले काय बोल लावता?" त्या दिवसापासून बाप-लेकाचं बोलणं बंद झालं, असं कैलाशची आई मंदाबाई कौशल्याला विहिरीवर म्हणाली. जेवायला सुद्धा दोघं एकत्र बसत नव्हते.

कौशल्याला एक गोष्ट ठाऊक होती जी बाकावर कुणालाच ठाऊक नव्हती. नागपूरहून परतताना कैलाशचे जोडे जागेश्वरच्या पिशवीत राहिले होते. ते तिनं धुवायला घेतले, तेव्हा तळव्यांच्या सगळ्या खाचांमध्ये बोडीची माती गच्च बसलेली होती. तिनं काडीनं कोरून काढली. नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "लावली. नेहमीच लावतो. आता जोडा तोच पाय." ती कैलाशला पाहायला गेली तेव्हा तो छताकडं बघत म्हणाला होता, "काकू, पाय जागेवर रायलाच नाही." तिला शंका आली होती. पण शंका म्हणजे काही माहिती नव्हे, असं म्हणून तिनं ती बाजूला ठेवली होती. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत.

सभेच्या आठवड्यात अश्विन मैदान पाहायला आला. पोरगेलासा, मोटारसायकलवर, कमरेला शर्ट खोचलेला. बाक रिकामे होते. त्यानं पाणी मागितलं, मग चहा. टपरी कुणाची ते त्याला ठाऊक नव्हतं.

"मॅटवर पोट्टे घसरतेत का गा?" कौशल्यानं विचारलं.

त्यानं जरा नवलानं तिच्याकडं पाहिलं. "चांगला जोडा असला तं नाही, काकू. फक्त धूळ नोको. आमी मॅटवर जायच्या आंधी ओल्या फडक्यावर जोड्यांचे तळवे पुसतो. चिमूटभर धूळ असली का गुडघा गेला समजा. मॅटवर माती म्हणजे फरशीवर साबण."

कौशल्यानं ग्लास विसळला. तो विसळून झाल्यावर पुन्हा विसळला.

घरी आली तर अंगणात पोतं उभं. जागेश्वर त्याच दिवशी बोडीवर जाऊन आला होता. रविवार अजून उजाडायचा होता, पण टेकचंदनं त्याला सांगितलं होतं की डबल बेल दिली समजा, गाडी सुटली. खपल्या कुटून झाल्या होत्या. कापड अंथरून तो तिचीच वाट पाहत होता.

"ये, धर," तो म्हणाला.

ती समोर बसली, टोकं धरली नाहीत. "ही माती पुन्हा जोड्यांले लावता का?"

"मंग? डोक्याले लावू?"

"मॅटवर घसरते म्हणते."

"कोण म्हणते?"

"शहापूरचा पोट्टा आलता टपरीवर."

जागेश्वर हसला. "त्यानं सांगितलं आन् तू आयकलं. चहा पाजला का त्याले?"

"पाजला. कैलाश घसरला, तो भेला नाही."

हसू गेलं. मातीत एक खडा होता, तो त्यानं उचलून लांब फेकला. "मी कवा म्हटलं का भेला?"

"भेला नाही, असंही तुमी कवा म्हटलं नाही."

शेजारच्या घरात कुणीतरी लसूण कुटत होतं.

"रविवार होऊ दे," तो अखेर म्हणाला, आणि हे म्हणताना तो तिच्याकडं नाही, भिंतीवरच्या फोटोकडं पाहत होता. "नाव लागू दे. मंग मीच जातो भोजराजच्या घरी. सांगतो त्याले."

"आन् नाही गेले तं?"

"धर टोक."

तिनं टोकं धरली. माती चाळून झाली, पुरचुंडी बांधून झाली. हे सांगणं भाग आहे, कारण पुढं गावात तिच्याबद्दल जे बोललं गेलं त्यात हे कधी आलं नाही.

शनिवारी बाकांवर जागा नव्हती. उद्या कोण काय बोलणार याची वाटणी चालली होती. सूत्रं अर्थातच टेकचंदकडं.

"अध्यक्ष एक गोष्ट इचारणार," तो म्हणाला. "नागपूरले वस्ताद सोबत होता, मंग संघ हरला काहून? याचं उत्तर तयार पायजे."

"मॅट," सेवकराम म्हणाला.

"तू चूप राय बे. तुह्या मॅटले आग लागो. उत्तर सोपं हाय. पोट्टा भेला. वस्ताद त्याच्या जागी जाऊन खेळन काय?"

"हे आपण सांगितलं तं अध्यक्ष म्हणतीन, वस्तादाचे चेले हायेत," दुसरा कुणी म्हणाला.

"बरोबर." टेकचंद बाकाच्या टोकाकडं वळला. "म्हणून हे भोजराजनं सांगावं. खुद्द बापानं उभं राहून सांगितलं, का माहा पोट्टा भेला, वस्तादाचा कसूर नाही, तं मंग कोणाची माय व्याली हाय पुढं बोलाले? का गा भोजराज?"

भोजराज हातातल्या ग्लासात बघत होता. अंगावर स्वच्छ सदरा होता, मोहाडीच्या तहसिलीतून आला असावा. सगळे त्याच्याकडं पाहत होते आणि त्या पाहण्यात वाईट हेतू नव्हता. त्यांना त्यांचा वस्ताद हवा होता, इतकंच.

"सांगतो," भोजराज म्हणाला.

"शाब्बास. मर्द हाय. असं काळीज पोट्ट्याले असतं ना—"

"भोजराज भाऊ, तुमी नोका सांगू."

आवाज टपरीच्या आतून आला, म्हणून आधी कुणाला कळलंच नाही की कोण बोललं. कौशल्या हातात गाळणी घेऊन उभी होती.

"काहून, वहिनी?"

"तो भेला नाही. घसरला. त्याच्या जोड्यांले बोडीची माती लावली होती. मी चाळली, वस्तादानं लावली. ते जोडे मी धुतले."

पातेल्यातला चहा उतू गेला आणि स्टोव्ह फरफरून विझला. टेकचंदनं घसा खाकरला. "वहिनी, गरमी हाय. तुमी जरा बसा, पाणी घ्या."

"मले गरमी नाही झाली, भाऊ."

"घ्या!" सेवकराम मांडीवर थाप मारून उठलाच. "मी काय बोंबलून राहिलो होतो? मॅट! मॅटवर माती चालतच—" भोजराजनं त्याच्याकडं पाहिलं. सेवकराम उभा होता तसाच खाली बसला.

"वस्तादाले माहीत होतं?" भोजराजनं विचारलं. आवाज चढला नव्हता.

"त्या दिवशी नाही. घरी आल्यावर जोडे दाखवले मी."

"म्हणजे हिवाळ्यापासून."

"हाव."

"आन् तुमाले?"

"मलेही तवापासून. पक्कं आता कळलं, पण वाटत तवापासूनच होतं."

भोजराजनं मान हलवली, जणू रस्ता विचारला होता आणि तो सांगितला गेला. ग्लास त्यानं बाकावर ठेवला, अर्धा भरलेला. धोतराचा सोगा झटकला आणि गेला. त्याच्या जाण्याकडं सगळे पाहत राहिले. कौशल्याकडं कुणी पाहिलं नाही.

रविवारच्या सभेला जागेश्वर गेला नाही. टेकचंद गेला, पण बोलायला उठला नाही. अश्विनचं नाव एकमतानं ठरलं आणि पावसाळ्याआधी बोर्डावर पांढऱ्या रंगात लागलं.

भोजराजच्या घरी काय झालं ते कौशल्याला मंदाबाईकडून कळलं. बापानं सरळ विचारलं, माती लावली होती का रे? पोरगा म्हणाला, हो. मग हे मला का सांगितलं नाहीस, गावभर भेकड म्हणवून का घेतलंस? कैलाश म्हणाला, "वस्तादापुढं पाय मीच उचलला ना, बाबा."

यानंतर बाप-लेक बोलू लागले असं लोक सांगतात. मंदाबाई म्हणते की कामापुरतं बोलतात. दसऱ्याच्या आधी कैलाश नागपूरला एका गोदामात कामाला लागला, खुर्चीवर बसून आल्या-गेल्या मालावर नजर ठेवायची. गावी येतो तेव्हा बसमधून उतरताना आधी उजवा पाय खाली टाकतो आणि मग डावा हातानं धरून आणतो. व्हिडिओ सेवकरामनं काढून टाकला. म्हणजे तो तसं सांगतो.

बाक रिकामे झाले. वाद काही थांबला नव्हता, तो फक्त बसथांब्याजवळच्या पानठेल्यावर गेला. मैदान तिथून दिसत नसे, पण त्यानं कुणाचं अडलं नाही. तिथं कौशल्याला नवं नाव मिळालं. कबड्डीत चढाईला आलेल्याचा घोटा पकडतात, त्याला पायपकड म्हणतात. "वस्ताद आयुष्यभर कोणाच्या हाती लागला नाही," टेकचंद सांगायचा, "आन् घरच्याच बाईनं घोटा धरला." हे इतकं चपखल बसलं की शाळेतली पोरंसुद्धा टपरीवरून जाताना आपापसात 'पायपकड' म्हणत आणि पळत. ती आपली शिळ्या दुधाला उकळी देत राही. कॉलेजचे विद्यार्थी येत, रस्त्यावरचे ट्रकवाले थांबत. टपरी चालली, पण बोलणं गेलं.

जागेश्वर तिच्यावर ओरडला नाही. हात उगारला नाही. तिच्याशी बोलणं मात्र त्यानं सोडलं. काही हवं असेल तर तो घराला सांगे. "भात झाला असन," असं चुलीकडं पाहून म्हणे. "कोणी कंदील पुसला नाही वाटते," असं दाराला म्हणे. माग त्यानं पुन्हा मोकळा केला आणि खड्ड्यात पाय सोडून बसू लागला, पण धागा नव्हता. तो नुसताच बसे. घरातून बाजाराला जायचा जवळचा रस्ता मैदानावरून होता. तो मारुतीच्या देवळाला वळसा घालून जाऊ लागला. ज्या माणसाच्या चालण्याकडं गाव एके काळी थांबून पाहत असे, तो आता भिंतीच्या सावलीतून चाले.

आणि मॅट आलंच नाही. अश्विननं मागितलं, अध्यक्षांनी पुढच्या वर्षी म्हटलं. पोरं वर्षभर मातीतच खेळली आणि स्पर्धेच्या दिवशी मॅटवर उभी राहिली. ओल्या फडक्यावर तळवे पुसून उभी राहिली, घसरली नाहीत, पण पहिल्याच फेरीत हरली. वैशाखात अश्विनला दुसरीकडं नोकरी लागली आणि तो गेला. बोर्डावरचं नाव कुणीतरी चुन्यानं पुसलं. पुसल्यावरही ते वाचता येत होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी टेकचंद टपरीवर आला. एकटाच. त्याच जुन्या बाकावर बसला, टॉवेलनं मान पुसली.

"चहा द्या, वहिनी. जरा कडक."

तिनं दिला. त्यानं एक घोट घेतला आणि चहाची तारीफ केली, तेव्हाच तिला कळलं की काम आहे.

"पुन्हा वस्तादले आणून राहिलो," तो म्हणाला. "सगळे तयार हायेत. सेवकराम तयार हाय. अध्यक्षही म्हणते, आपला माणूस बरा, बाहेरचा टिकत नाही."

"आणा."

"हाव, आणतो ना. पण…" त्यानं ग्लास बोटांत फिरवला. "झालं ते झालं. तुमी या खेपेला फक्त काही बोलू नोका."

कौशल्यानं फडकं पिळलं. "पोट्टे जोडे घालून खेळतेत का?"

"मॅटवर तं घालाच लागते, वहिनी."

"मंग बोलीन."

टेकचंदनं ग्लास बाकावर ठेवला. "तुमचंच घर हाय. तुमच्याच नवऱ्याचं नाव लागन बोर्डावर. कायले असं करता?"

"ते वस्तादाले इचारा. माती सोडली म्हणा त्यायनं, मी तोंड शिवीन."

"ते कसं इचारता येन?" टेकचंद खरोखरच चकित होऊन म्हणाला. "वस्तादाले?"

तो चहा अर्धाच पिऊन गेला.

दिवस कलता कलता ती घरी आली. अंगणात जागेश्वर बसलेला होता. शेजारी पोतं, त्यातल्या खपल्या कुटून झालेल्या. तिची चाहूल लागली तशी त्यानं मान वर केली आणि किती दिवसांनी तिच्या तोंडाकडं पाहून विचारलं, "टेकचंद आलता?"

"आलता."

"काय म्हणे?"

"तुमाले आणून राहिले म्हणे."

"आन् तू काय म्हटलं?"

"बोलीन म्हटलं."

त्यानं तिच्याकडं आणखी थोडा वेळ पाहिलं. रागानं नव्हे; समोरचा गडी कुठल्या पायावर भार देऊन उभा आहे हे खेळाडू पाहतो, तसं. मग मान खाली घातली आणि हात चालू केला.

कोशाचं कापड तेच होतं. दोन टोकं त्याच्या हातात होती. तिची दोन टोकं त्यानं ओसरीच्या खांबाला सुतळीनं बांधली होती. एका बाजूनंच हलवल्यामुळं कापड नीट झुलत नव्हतं. माती खांबाच्या बाजूला गोळा होत होती आणि भरड तशीच खाली पडत होती. तो ती पुन्हा ओंजळीत भरून वर टाकत होता.

कौशल्या त्याच्या बाजूनं आत गेली आणि तांदूळ निवडायला बसली.